मोठ्यांच्या थापा आणि मुलांचा खरेपणा : नव्या पालकांसाठी मार्गदर्शक

साधारण अडीच-तीन वर्षांच्या वयात मूल पहिल्यांदा खोटे बोलते आणि पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत घरातली मोठी माणसे कुठे कुठे वेळ मारून नेतात, हेही त्याला चांगले समजू लागलेले असते. मग एके दिवशी, बहुधा लिफ्टमध्ये शेजारी उभे असताना किंवा भरल्या रिक्षात, प्रश्न येतो : ‘आई, तू पण आत्ता खोटं बोललीस ना?’ त्या क्षणी काय उत्तर द्यावे आणि त्यानंतर घरात काय बदलावे, याची उजळणी पुण्यात कोथरूडच्या आमच्या घरात दोन मुलांच्या निमित्ताने झाली आहे. आजी-आजोबा आणि मुलांना सांभाळणाऱ्या मावशी हेही त्यात होते. सोसायटीतले आणि शाळेच्या फाटकापाशी भेटणारे नवे पालक हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून तो क्रम इथे लिहून ठेवत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. ‘आजपासून या घरात कोणीही खोटे बोलणार नाही’ असा नियम करू नका. तो मोठ्यांकडूनच आधी मोडला जातो आणि मोडल्यावर तो लपवावा लागतो, म्हणजे मुलाला नेमका उलटा धडा मिळतो. त्याऐवजी दोन गोष्टी करायच्या आहेत. मोठ्यांकडून खोटे बोलले गेले तर ते मुलाच्या देखत दुरुस्त करायचे, आणि मुलाला खरे बोलणे परवडेल अशी घराची रीत बसवायची.

सुरू करण्यापूर्वी काय हाताशी असावे

- एक साधी दोनशे पानी वही. ती मोठ्यांसाठी आहे, मुलाच्या चुका टिपण्यासाठी नाही.
- घरातल्या सगळ्या मोठ्यांचा एकत्र पाऊण तास. मूल दिवसभर ज्यांच्याजवळ असते, त्या आजी, आजोबा किंवा मावशी त्यात हव्यातच.
- मुलाच्या जन्मदाखल्याची किंवा आधार कार्डाची प्रत, प्रवासाच्या पाकिटात. ती कशासाठी, हे चौथ्या पायरीत येईल.
- शाळेची डायरी.

१. आधी मोठ्यांच्या थापा लिहून काढा

एक आठवडाभर प्रत्येक मोठ्या माणसाने आपण बोललेले खोटे वहीत लिहायचे, इतरांचे नाही. धायरीत स्वयंपाकघरात चहा पीत उभे राहून ‘नळ स्टॉपला पोचलोय, पाच मिनिटांत येतो’ असे फोनवर सांगितले, तर ते लिहायचे. सारसबागेबाहेर फुगा घ्यायचा नव्हता म्हणून पाकिटात पैसे असताना ‘माझ्याकडे पैसेच नाहीत’ म्हटले, तेही लिहायचे. मोबाईलवरचा खेळ बंद करण्यासाठी ‘इंटरनेट गेलंय’ म्हटले, कामावर निघताना रडारड नको म्हणून ‘कचरा टाकून आलेच’ म्हणून सटकले, हे सगळे त्यात येते.

आठवड्याच्या शेवटी वही उघडली की लक्षात येते की यातल्या बऱ्याच थापा कोणाला फसवून काही मिळवण्यासाठी नसतात. त्या पाच मिनिटांची कटकट टाळण्यासाठी असतात, आणि म्हणूनच त्या सोडता येतात. सगळ्यांत आधी सोडायच्या त्या मुलाच्या तोंडून वदवलेल्या थापा. ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ हे वाक्य म्हणताना आपण मुलाला आपल्या खोट्याचा साक्षीदार न ठेवता वाहक करतो. माझ्या मते बाकी काही जमले नाही तरी हे एक वाक्य घरातून जायलाच हवे.

याचा मुलांवर खरोखर परिणाम होतो का, असा प्रश्न आमच्या घरातही निघाला होता. अमेरिकेत सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग नेमका याच प्रश्नावर आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांपैकी काहींना ‘शेजारच्या खोलीत गोळ्यांचा मोठा वाडगा आहे’ असे सांगून खेळायला बोलावले आणि मग ‘वाडगा नाहीच, तू यावंस म्हणून म्हटलं’ अशी कबुली दिली. बाकीच्या मुलांना अशी थाप मारली नाही. त्यानंतर पाठीमागे ठेवलेले खेळणे न बघण्याची सूचना देऊन प्रत्येक मुलाला थोडा वेळ एकटे सोडले. पाच ते सात वर्षांच्या ज्या मुलांना थाप मारलेली नव्हती, त्यांच्यातल्या सुमारे ६० टक्के मुलांनी चोरून पाहिले आणि पाहणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के त्याबद्दल खोटे बोलली. ज्यांना थाप मारली होती त्यांच्यात हे प्रमाण अनुक्रमे ८० आणि ९० टक्क्यांच्या जवळ गेले. तीन-चार वर्षांच्या मुलांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे बालवाडीतून पहिलीत जाण्याचे वय हेच आपण सावध होण्याचे वय आहे.

वहीत अडचण एकच येते. ती नवरा-बायकोच्या किंवा सासू-सुनेच्या जुन्या हिशेबांची जागा होऊ शकते. म्हणून ज्याने त्याने स्वतःचेच लिहायचे, हा नियम मोडू देऊ नका.

२. वय पाहून अपेक्षा ठेवा

तीन वर्षांचे मूल तोंडाला चॉकलेट लागलेले असताना ‘मी नाही खाल्लं’ म्हणते. आपल्या मनातले समोरच्याला आपोआप कळत नाही, हे त्याला नुकतेच उमगलेले असते. त्यात लबाडी शोधू नका. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातून आल्यावर ‘वाघानं मला हाक मारली’ असे सांगणारे मूलही खोटे बोलत नसते. ‘ही गंमत आहे की झालेली गोष्ट?’ एवढेच विचारावे. सात-आठ वर्षांच्या मुलाला एक खोटे टिकवण्यासाठी पुढची उत्तरे जुळवून देता येतात, आणि तिथून पुढच्या पायऱ्यांचा खरा उपयोग सुरू होतो.

३. उत्तर माहीत असताना प्रश्न विचारू नका

पालकांकडून सर्वाधिक घडणारी चूक ही आहे. गणिताच्या चाचणीचे पेपर वाटल्याचे वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर दुपारीच कळलेले असते. मुलगी घरी येते, दप्तर नेहमीच्या खुर्चीवर न ठेवता खोलीत नेते, आणि आपण सहज विचारल्याचे दाखवत म्हणतो, ‘काय गं, पेपर मिळाले का?’ तिच्या कंपासपेटीत वीसपैकी सहा गुणांचा पेपर चौघडी करून कोंबलेला आहे, हे आपल्याला जवळजवळ ठाऊक असते. ती ‘नाही’ म्हणते आणि आता दोन प्रश्न उभे राहतात, एक गणिताचा आणि दुसरा आपणच उभा केलेला.

त्याऐवजी सरळ सांगावे : ‘पेपर मिळाल्याचं ग्रुपवर वाचलं. जेवण झालं की आपण दोघी मिळून बघू.’ सांडलेल्या दुधाबाबतही ‘हे कोणी केलं?’ यापेक्षा ‘दूध सांडलंय, फडकं आण’ हे वाक्य जास्त कामाचे आहे.

शिक्षेविषयी घरात एकवाक्यता हवी. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतील तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. एका शाळेत छडी आणि थपडा नित्याच्या होत्या, दुसरीत समज देण्यावर भर होता. मार देणाऱ्या शाळेतली मुले अधिक प्रमाणात खोटे बोलली आणि ते खोटे त्यांनी अधिक सफाईने टिकवलेही. धाकाने मूल खरे बोलू लागते हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, पण धाकाने ते न सापडण्याचे कसब शिकते. आमच्या घरात ठरले ते असे : केलेल्या गोष्टीची भरपाई करायचीच, पण स्वतःहून सांगितले तर आवाज चढणार नाही. फुटलेल्या बरणीच्या काचा मोठ्यांनी उचलायच्या आणि मुलाने बाकीची फरशी पुसायची, एवढ्यावर विषय संपला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर ‘काल याने काय केलं माहीत आहे का’ असे सुरू झाले, तर पुढच्या वेळी मूल सांगणार नाही.

गोष्टींचेही असेच आहे. तलवार, ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना निरनिराळ्या गोष्टी सांगून पाहिले. ‘लांडगा आला रे आला’ ऐकून मुलांच्या खरेपणात वाढ झाली नाही. वडिलांचे झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या आणि त्याबद्दल शाबासकी मिळवणाऱ्या लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकल्यावर मात्र जास्त मुलांनी खरे सांगितले. आपल्याला त्यासाठी इतके लांब जाण्याचे कारण नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणाऱ्या आणि १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन करणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या लहानपणची गोष्ट अनेक घरांत सांगितली जाते. गुरुजींनी दिलेली गणिते एकट्या गोपाळची बरोबर आली, त्याचे कौतुक होऊ लागले आणि तो रडू लागला, कारण एक गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते. गुरुजींनी त्या कबुलीचेच कौतुक केले. टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट पुण्यातल्या प्रत्येक मुलाला पाठ असते, पण ती न केलेल्या गोष्टीची शिक्षा नाकारण्याची आहे. केलेली गोष्ट कबूल करायला शिकवताना गोखल्यांची गोष्ट घ्यावी.

४. खरे बोलण्याची किंमत स्वतः भरा

स्वतःचे पैसे किंवा सोय पणाला लागते तिथे मुले आपल्याला फार बारकाईने पाहत असतात. एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नसते आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट असते. रेल्वेतही मोफत प्रवासाची मर्यादा पाच वर्षांखालचीच आहे. स्वारगेटहून साताऱ्याला निघालेल्या एका गाडीत आमच्या पुढच्या बाकावर एक आई मुलीला हळू आवाजात पढवत होती, ‘कंडक्टरकाकांनी विचारलं तर साडेचार सांग.’ मुलगी ओठांतल्या ओठांत ‘साडेचार, साडेचार’ घोकत बसली. कंडक्टर तिकिटाचे यंत्र सावरत आला, त्याने एकदा तिच्याकडे पाहिले, वय विचारले, तिने घोकलेले सांगितले आणि तो पुढे गेला. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर तिने खिडकीतून मान वळवून विचारले, ‘आई, आता मी सहा वर्षांची झाले तर चालेल?’

त्या अर्ध्या तिकिटाच्या बदल्यात मुलीला काय शिकवले गेले, हे त्या प्रश्नात सगळे होते. म्हणून अर्धे तिकीट काढा, आणि काढताना वय मुलालाच सांगू द्या. उलट बाजूही असते : मूल खरोखर पाच वर्षांखालचे असून अंगापिंडाने मोठे दिसते आणि वाद होतो. जन्मदाखल्याची प्रत पाकिटात ठेवायची ती यासाठी.

शाळेच्या बाबतीत दोन सापळे आहेत. पहिला प्रकल्पांचा. रात्री नऊला आठवलेले सौरमंडळ वडिलांनी थर्माकोलवर करून द्यायचे, किंवा अप्पा बळवंत चौकातून तयार तक्ता आणून त्यावर मुलाचे नाव घालायचे, हे इतके रुळले आहे की त्यात काही खोटे आहे असे वाटेनासे झाले आहे. मुलाला स्वतः करू द्या. वेडेवाकडे होईल, होऊ द्या. मदत केलीच तर खाली ‘चित्र बाबांनी काढले, माहिती मी लिहिली’ असे त्यालाच लिहायला सांगा. दुसरा सापळा रजेच्या अर्जाचा. गावी लग्नाला जाऊन आल्यावर डायरीत ‘ताप आला होता’ लिहिले जाते आणि ती डायरी मूल स्वतः बाईंच्या हातात देते. ‘घरच्या लग्नासाठी दोन दिवस गैरहजर होता’ असे लिहावे. बाई नाराज झाल्या तर ती नाराजी आपण ऐकून घ्यावी.

५. मुलाच्या देखत दुरुस्त करा

ही पायरी या सगळ्याचा कणा आहे. सर्व काळजी घेऊनही थाप निघून जाते. अशा वेळी मुलाला तीन गोष्टी कळायला हव्यात : मी काय म्हटले, खरे काय होते, आणि आता मी काय करणार आहे. उदाहरणार्थ, ‘मी आत्ता वहिनींना रस्त्यात आहे म्हटलं. मी अजून घरीच आहे. थांब, पुन्हा फोन करून सांगते.’ आणि मग मुलासमोरच फोन लावायचा : ‘वहिनी, मी अजून निघाले नाही, अर्धा तास लागेल.’ पलीकडून बहुधा ‘बरं बरं’ एवढेच उत्तर येते. खरे सांगितल्यावर आभाळ कोसळत नाही, हे मुलाला त्या फोनमधून जितके कळते तितके कोणत्याही उपदेशातून कळत नाही.

दुरुस्ती त्याच दिवशी व्हावी. ती करताना रडू नये, आणि मुलालाच आपली समजूत काढावी लागेल इतकी क्षमायाचना करू नये. पालकांच्या तोंडी नेहमी येणारी दोन वाक्ये इथे टाळायची आहेत. ‘मोठ्यांचं वेगळं असतं’ हे पहिले. ते ऐकून मूल फक्त मोठे होण्याची वाट पाहते. ‘कामधंद्यात असं बोलावंच लागतं’ हे दुसरे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मुलांना म्हण शिकण्याच्या कितीतरी आधी कळते.

काही खोटे लगेच दुरुस्त करता येत नाही, विशेषतः नोकरीच्या ठिकाणचे. तेव्हा मुलाने विचारले तर ‘हो, मी साहेबांना खरं कारण सांगितलं नाही, आणि ते मला बरोबर वाटत नाही’ इतके म्हणावे. त्यापुढचा तपशील मुलाच्या खांद्यावर टाकू नये.

६. मान राखणे, अर्धसत्य आणि गुपित

आत्याने हौसेने आणलेला झगा आवडला नाही, तर काय म्हणायचे? ‘छान आहे म्हण’ असे पढवण्याऐवजी जे खरे आहे त्यातले बोलण्याजोगे शोधायला शिकवा : ‘आत्या, तू माझ्यासाठी आणलास, मला खूप बरं वाटलं.’ सात-आठ वर्षांच्या मुलांना हे चांगले जमते. त्याहून लहान मूल ‘मला नाही आवडला’ म्हणाले, तर त्याला सर्वांसमोर दटावू नका. आत्याची समजूत आपण काढावी.

अर्धसत्याची ओळख मात्र लवकर करून द्यावी, कारण ‘मी खोटं कुठं बोललो?’ हा बचाव मुले पटकन उचलतात. त्यासाठी महाभारतातला अश्वत्थाम्याचा प्रसंग फार उपयोगी आहे. हत्ती मेला हे खरे होते, तरी द्रोणाचार्यांनी आपला मुलगा गेला असे समजावे म्हणूनच धर्मराज ते बोलला, आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली आला. ‘ऐकणाऱ्यानं काय समजावं असं तुला वाटत होतं?’ हा एक प्रश्न विचारायची सवय ठेवली की मुलाला फरक नेमका दिसतो.

याच वेळी गंमत आणि गुपित यांतला फरक शिकवणे अत्यंत आवश्यक आहे. आजोबांच्या वाढदिवसाचा केक ही गंमत. ती थोड्या दिवसांत सगळ्यांना कळणार असते आणि कळल्यावर सगळ्यांना आनंद होतो. कोणी मोठा माणूस ‘हे आईला सांगायचं नाही’ म्हणाला, विशेषतः अंगाला हात लावण्याबाबत, तर ते पाळायचे नाही. तो माणूस नात्यातला, ओळखीचा किंवा शिकवणारा असला तरी नाही. अशी गोष्ट मुलाने सांगितली तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. मदतीसाठी १०९८ हा मुलांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे; तो मुलाला पाठ असावा.

७. घरातल्या इतर मोठ्यांशी बोलून ठेवा

आजी-आजोबांना ‘तुम्ही खोटं बोलता’ असे म्हणू नये. त्यांनी वापरलेले बागुलबुवा त्यांच्या आधीच्या पिढीने त्यांना दिलेले असतात. एकेका गोष्टीचे कारण सांगितले की ती माणसे मनापासून साथ देतात. आमच्याकडे ‘जेव, नाहीतर पोलीस पकडून नेतील’ हे वाक्य थांबले ते एका साध्या विचाराने : गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत मुलाचा हात सुटला, तर त्याने पोलिसांकडेच जायला हवे, आणि ज्याची भीती घातली त्याच्याकडे मूल जाणार नाही.

लसीचेही असेच आहे. पाच-सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीचा बूस्टर असतो आणि दवाखान्याच्या दारात ‘अजिबात दुखणार नाही’ असे सांगितले जाते. सुई टोचल्याबरोबर मुलाला दोन गोष्टी कळतात : दुखते, आणि आई सांगते ते खरे नसते. ‘टोचेल, थोडा वेळ दुखेल, मी हात धरून बसते’ असे सांगितले तर मूल आधी रडेल, पण पुढच्या वेळी विश्वासाने येईल. कामावर जातानाही लपून जाऊ नये. ‘मी जाते, तुझं दूध पिऊन झालं की येते’ असे सांगावे आणि ती वेळ पाळावी.

८. अडचणीचा प्रश्न विचारण्याआधी वचन घ्या

काय झाले हे खरोखर माहीत नसेल आणि विचारणे भागच असेल, तर आधी शांतपणे ‘मी एक विचारणार आहे, खरं सांगशील असं वचन देशील?’ असे म्हणावे. असे वचन घेतल्यावर जास्त मुले खरे सांगतात, हे प्रयोगांत दिसले आहे. रोज उठून वचन मागितले तर त्याची किंमत उरत नाही.

९. एवढे करूनही खोटे वाढत असेल तर

आधी मूल कशाबद्दल खोटे बोलते, ते तारखेसह एका वेगळ्या वहीत लिहा, मोठ्यांच्या वहीत नाही. एकाच विषयाभोवती ते फिरत असेल, तर कारण बहुधा तिथेच सापडते. ‘गृहपाठ दिलाच नाही’ असे रोज सांगणाऱ्या मुलाला फळ्यावरचे दिसत नसू शकते, किंवा वाचन-लेखनातच अडचण असू शकते. डोळे तपासून घ्या आणि वह्या शेवटच्या पानांपर्यंत पाहा. शाळेच्या व्हॅनबद्दल किंवा एखाद्या शिकवणीबद्दल अचानक बहाणे सुरू झाले, तर तिथे मुलाला कशाची तरी भीती आहे असे धरून चौकशी करा. चोरी, शाळा बुडवणे किंवा झोप आणि खाणे बिघडणे हेही सोबत असेल, तर शाळेच्या समुपदेशकांची किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. भेटीला जाताना ही नोंदींची वही, शाळेची डायरी, चालू वर्षाच्या दोन-तीन वह्या आणि डोळ्यांचा तपासणी अहवाल बरोबर न्या. आणि मुलाला ‘चल, फिरायला जाऊ’ असे सांगून नेऊ नका. आपण कुठे जात आहोत, कोणाला भेटणार आहोत आणि कशाबद्दल बोलणार आहोत, हे घरातून निघण्यापूर्वीच त्याला सांगा.